अघनाशिनीच्या पोटात

जुवारी नदीला आमच्या जुन्या परंपरेत अघनाशिनी हे नाव आहे. अघ म्हणजे पाप. त्याचा नाश करणारी ती अघनाशिनी. तिच्या तीरावर कुशस्थळी आणि केळशी ही गावे. सोळाव्या शतकात परक्या सत्तेने साष्टीतील देवळांवर घाला घातला, तेव्हा या गावांतून आमचे देव नदीपार झाले. १५६० साली श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून प्रियोळास गेले. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास स्थिर झाली. ज्या पाण्याने आमचे देव राखले त्या पाण्याचे आम्ही ऋणी आहोत, असे आम्ही उत्सवांच्या व्याख्यानांतून दरवर्षी सांगतो. त्या पाण्याची आजची अवस्था काय आहे आणि ती कोणामुळे झाली, हे मात्र सांगण्याचे टाळतो. आज ते सांगावयाचे आम्ही ठरविले आहे.

आपल्या भाषेत ‘अपराध पोटात घालणे’ असा एक प्रेमळ वाक्प्रचार आहे. आई लेकराचे अपराध पोटात घालते. जहाजधंद्याने, आणि त्या धंद्यावर पोसलेल्या आपण सर्वांनी, नदीला व समुद्राला असेच गृहीत धरले आहे. इंजिनाच्या तळाशी साचलेले तेलकट पाणी, टाक्यांची धुवण, चिमणीची काजळी, माल चढविता-उतरविताना उडालेली धूळ, हे सारे समुद्राने पोटात घालावे अशी आमची अपेक्षा! आमचे म्हणणे एवढेच की, हा अपराध आता पोटात मावत नाही. तो दूर करण्याचे उपाय ठाऊक आहेत. परंतु ते कोणा एकट्याच्या हातचे नाहीत. मालक, बंदर, कारखाना, शास्त्रज्ञ आणि किनाऱ्यावरचा माणूस हे एकत्र बसतील, तरच ते साधतील. आणि त्यांना एकत्र बसविण्याची काही जबाबदारी आमच्या देवस्थानांच्या समाजावर येते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आम्ही जहाजांचे शत्रू नाही. जगाच्या व्यापारातील मालाचा, वजनाने पाहता, पाचांपैकी चारांहून अधिक हिस्सा समुद्रमार्गे जातो. इंदूरच्या वा बडोद्याच्या आमच्या कुळाव्याच्या घरातील दिव्याचे तेल, त्याच्या गाडीचे इंधन, त्याच्या मुलांची औषधे यांतील कितीतरी वस्तू कोठल्या ना कोठल्या बंदरातून आलेल्या असतात. गोमंतकात तर कित्येक घरांची चूल बंदरावर आणि खनिजवाहू बार्जींवर पेटली. त्या बार्जींच्या मालकांत, दलालांत, कारकुनांत आणि खलाशांत आमच्याच देवळांचे महाजन, कुळावी आणि सेवेकरी आहेत. म्हणूनच हे लिहिणे आम्हांस अवघड जाते, आणि म्हणूनच ते आम्हीच लिहिले पाहिजे.

घाण नेमकी कोणती, हे समजून घेऊ. मोठी जहाजे जे इंधन जाळतात ते बहुधा तेलशुद्धीचा शेवटचा गाळ असतो. तो जड, काळा आणि गंधकयुक्त. जगभरच्या मानवी कारणांनी निघणाऱ्या उष्णताधारक वायूंत जहाजांचा वाटा २०१८ साली सुमारे ३ टक्के होता. ही झाली चिमणीची गोष्ट. इंजिनाच्या तळाशी तेल व पाणी साचते, त्यास खलाशी ‘बिल्ज’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते पाणी गाळून, दहा लाख भागांत तेलाचे १५ भागांहून अधिक राहू न देताच समुद्रात सोडावयाचे असते. परंतु गाळणारे यंत्र बंद ठेवले आणि रात्र अंधारी असली, म्हणजे नियम कोणी पाहावा? तिसरी गोष्ट तोल सांभाळण्यासाठी रिकाम्या जहाजाने भरून घेतलेल्या पाण्याची. एका बंदरात घेतलेले हे पाणी दुसऱ्या बंदरात सोडले जाते, आणि त्याबरोबर परक्या समुद्रातील शिंपले, शेवाळे व सूक्ष्म जीव आपल्या खाडीत उतरतात. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचा एक काळपट पट्ट्यांचा शिंपला अशाच जहाजांच्या संगतीने आपल्या देशातील बंदरांत येऊन ठाण मांडून बसला आहे.

आणि डांबराचे गोळे! पावसाळ्याच्या तोंडी व पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सुटले, की समुद्रात सांडलेल्या तेलाचे हे काळे गोळे गोव्याच्या वाळूत येऊन पडतात. चतुर्थीच्या विसर्जनास गुडघाभर पाण्यात उतरलेल्या आमच्यापैकी कितीजणांच्या धोतराला तो चिकट डाग लागला असेल! खोबरेल तेल चोळल्यावाचून तो पायाचा निघत नाही, आणि कापडाचा तर निघतच नाही. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांची रासायनिक ठेवण तपासून त्यांचा माग काढला आहे. कधी तो तेलवाहू जहाजांच्या धुवणीकडे जातो, तर कधी मुंबईच्या पश्चिमेकडील तेलक्षेत्राकडे. म्हणजे चोराची पावले वाळूत उमटतात, ती ओळखणारी विद्याही आपल्या दाराशी आहे. आणि तरीही दर पावसाळ्यात आम्ही पाय पुसून घरी येतो.

यावर काही थोर मंडळी सांगतात, ‘समुद्र अथांग आहे, त्याला एवढ्यातेवढ्याने काय होते?’ या मंडळींनी कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन पाहावयास हवे होते. २००० सालच्या जून महिन्यात ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज तेथे वाळूत रुतले, आणि दहा वर्षांहून अधिक काळ तेथेच गंजत राहिले. मालक, शासन, न्यायालये आणि कंत्राटदार यांच्यात कागद फिरत राहिले, आणि किनारा मात्र झिजत गेला. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘नू शी नलिनी’ नावाचे जहाज, पोटात दोन हजार टनांहून अधिक नॅफ्था आणि डेकवर एकही खलाशी नाही अशा स्थितीत, दोनापावलच्या खडकांवर येऊन अडकले. सुदैवाने अनर्थ टळला. २०२५ च्या मे महिन्यात कोचीच्या समुद्रात ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते. त्यांपैकी १३ धोकादायक मालाचे. पुढे कित्येक दिवस केरळच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकचे पांढरे दाणे लाटांबरोबर येत राहिले. माशांच्या अंड्यांसारखे दिसणारे ते दाणे मासे गिळतात, आणि ते मासे माणसे खातात. समुद्र अथांग आहे हे खरे. पण दर्यावर्दी लोकांत एक जुना समज आहे, समुद्र कोणाचे काही ठेवून घेत नाही, परत आणून देतो. आमच्या थोर मंडळींपेक्षा तो समज अधिक शास्त्रीय म्हणावा लागेल.

दुसरा वर्ग यापेक्षा सुशिक्षित आहे. तो म्हणतो, ‘कायदे होत आहेत, यंत्रे निघत आहेत, आपोआप सर्व ठीक होईल.’ आपोआप काय होते त्याचे एक उदाहरण पाहावे. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजी इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यावर आणली. नियम उत्तम होता. परंतु स्वच्छ तेल महाग. म्हणून अनेक मालकांनी चिमणीत धूर धुण्याचे यंत्र बसविले आणि तेच जुने स्वस्त तेल जाळणे चालू ठेवले. या यंत्रांतील एका प्रकारात समुद्राचे पाणी घेऊन धूर धुतात आणि ते आंबट, काजळीयुक्त पाणी पुन्हा समुद्रात सोडतात. हवेतील पाप पाण्यात गेले, आणि कागदावर जहाज शुद्ध झाले! सिंगापूरने त्याच दिवसापासून आपल्या बंदरात अशा पाण्याच्या विसर्गास बंदी केली, कारण तेथील बंदराने नियमाचे शब्द न पाहता आपले पाणी पाहिले. कायदा आणि यंत्र ही दोन्ही हवीत. पण ज्यांच्या दारात ते पाणी येते त्यांचा डोळा त्यावर नसेल, तर कायद्यातून वाट आणि यंत्रातून पळवाट निघाल्यावाचून राहात नाही.

आणि कायद्याची गतीही पाहावी. २०२३ साली याच संघटनेत साऱ्या राष्ट्रांनी २०५० च्या सुमारास जहाजांचा उष्णताधारक धूर शून्यवत करण्याचा संकल्प सोडला. तो प्रत्यक्षात आणण्यासाठी धुरावर किंमत बसविणारी योजना २०२५ च्या एप्रिलमध्ये मान्यही झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मात्र ५७ विरुद्ध ४९ मतांनी तिचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलण्यात आला. संकल्प सोडताना पाणी हातावर घेतात. तेवढे पाणीही वाळावयास एवढा वेळ लागत नाही. लंडनमध्ये राष्ट्रे एकमेकांकडे पाहात बसतील, तोवर आमच्या खाडीने वाट पाहात राहावे काय?

वाट पाहण्याचे कारण नाही, कारण जेथे जेथे काम झाले तेथे ते जवळच्या माणसांनी हातात हात घालून केले आहे. नॉर्वे देशाची गोष्ट घ्यावी. तेथील रस्तेखात्याने २०१० साली एका फियॉर्डवरील तरीसाठी स्पर्धा मांडली. जो अधिक स्वच्छ होडी आणील त्यास दीर्घ मुदतीचा मक्ता द्यावयाचा होता. मक्तेदार कंपनी, जहाज बांधणारा कारखाना आणि विजेची यंत्रे करणारी कंपनी अशी तिघे एकत्र आली, आणि २०१५ साली ‘अँपियर’ ही १२० मोटारी वाहून नेणारी विजेची तर चालू झाली. अडचण होती ती खेड्यांतील अशक्त वीजवाहिन्यांची. होडी काठाला लागताच एकदम वीज ओढू लागली, तर गावाचे दिवे मंद व्हावयाचे. म्हणून दोन्ही तीरांवर मोठ्या बॅटऱ्या बसविल्या. त्या हळूहळू भरतात आणि होडी आली की झटकन देतात. ही युक्ती कोणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. एकाची अडचण दुसऱ्याने ऐकून घेतली, तेव्हा ती सुचली.

नॉर्वे श्रीमंत आहे, असे कोणी म्हणेल. मग केरळात यावे. श्रीमहादेवाच्या क्षेत्रामुळे आणि १९२४ च्या सत्याग्रहामुळे प्रसिद्ध असलेल्या वैकम गावी जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ नावाची ७५ आसनांची सौर तर खाडीपार जाते. राज्याच्या जलवाहतूक खात्याने मागणी केली, जवळच्याच अरूर येथील एका छोट्या कारखान्याने ती बांधली, आणि सूर्याच्या नावाची ही होडी सूर्यावर चालू लागली. स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदरात २००० सालापासून धक्क्याला लागलेल्या काही जहाजांना किनाऱ्यावरून वीज दिली जाते, म्हणजे बंदरात उभे असताना त्यांना आपली इंजिने धडधडत ठेवावी लागत नाहीत. तेथे बंदराबरोबर मालाची मालकीण असलेली कागद-कंपनीही पुढे झाली होती. ज्याचा माल, त्याचीही जबाबदारी. हे तत्त्व आमच्या कोळसा मागविणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्या घराकडे वळू. दोनापावलच्या टेकडीवर समुद्रविज्ञानाची संस्था आहे. १९६६ साली ती स्थापन झाली. जहाजांच्या तोलपाण्यातून येणाऱ्या जीवांचा जगातील सहा बंदरांत जो पहिला मोठा अभ्यास झाला, त्यांत मुंबई होती, आणि तेथील काम या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केले. जुवारीच्या पलीकडे वास्को येथे गोवा शिपयार्ड आहे. समुद्रावर सांडलेले तेल गोळा करणारे तटरक्षक दलाचे ‘समुद्र प्रताप’ हे जहाज तेथेच बांधले गेले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाण्यात उतरले. त्याला लागूनच मुरगाव बंदर आहे. २०२३ साली त्याने ‘हरित श्रेय’ नावाची योजना काढून कमी धूर सोडणाऱ्या जहाजांना बंदरशुल्कात सूट देऊ केली. नदीकाठाने बार्जी बांधणाऱ्यांचे व दुरुस्त करणाऱ्यांचे कारखाने आहेत. खारेवाड्यावर पिढ्यानपिढ्या मासे मारणारा खारवी समाज आहे. पाण्याचा रंग पालटला तर तो कोणत्याही यंत्राआधी ओळखतो. एवढे सारे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असताना, त्यांनी मिळून निर्माण केलेली एकही धूरविरहित बार्ज आमच्या पाहण्यात नाही. परक्या मोठ्या जहाजास स्वच्छतेबद्दल सूट मिळावी हे योग्यच. पण आमच्या नदीतून ये-जा करणाऱ्या लहान बार्जीस स्वच्छ होण्यासाठी कोण हात देणार, आणि तिचे तेलकट पाणी कोण मोजून घेणार?

कोळशाचेही तेच. मुरगावात उतरलेला कोळसा घाट चढून लोंढ्यावरून कर्नाटकातील पोलादाच्या कारखान्यांकडे जातो. तेव्हा हा प्रश्न एकट्या वास्कोचा नव्हे. खानापूर-बेळगावकडील आमच्या बांधवांचाही आहे. २०१७ साली बंदराच्या विस्तारयोजनांवर वास्कोत जनसुनावण्या झाल्या, त्या दिवसेंदिवस चालल्या. माणसे उठून उभी राहिली आणि काळ्या पडलेल्या खिडक्यांविषयी, मुलांच्या खोकल्याविषयी बोलली. योजना तयार झाल्यावर लोकांना बोलाविणे म्हणजे लग्न लागल्यावर मुलीची संमती विचारणे होय. आम्ही मागतो ते सहकार्य असे नव्हे. योजनेचा पहिला कागद लिहिला जातो तेव्हा किनाऱ्यावरचा माणूस त्या मेजाशी बसलेला असावा, एवढे आम्ही मागतो.

रोजगार बुडेल, अशी भीती दाखविली जाते. तिची आम्ही थट्टा करीत नाही. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा किती बार्जी खाडीत गंजत पडल्या आणि किती घरांत कर्जाचे हप्ते थकले, हे आम्ही जवळून पाहिले आहे. परंतु तो रोजगार स्वच्छतेने बुडविला नव्हता. वेळीच नियम न पाळल्याने तो बुडाला. जो धंदा सुधारणा टाळतो, त्याला एक दिवस न्यायालय एका आदेशाने थांबविते, आणि त्या दिवशी मालकापेक्षा खलाशी अधिक रडतो. उलट, जुन्या बार्जींची इंजिने बदलणे, विजेच्या तरी बांधणे, तेलकट पाणी गोळा करून शुद्ध करणे ही सारी कामे हातांना काम देणारीच आहेत.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो आमच्याच घरातून येतो: ‘देवळांचा यात काय संबंध?’ याचे उत्तर आमच्या बापजाद्यांनी चिखलात लिहून ठेवले आहे. गोमंतकातील खाजन शेती पाहावी. खाऱ्या पाण्याला अडविणारे बांध, आणि त्यांत बसविलेली लाकडी मानस. भरती आली की पाण्याच्याच दाबाने तिची दारे मिटतात, ओहोटी लागली की उघडतात. कोणत्याही इंजिनावाचून चालणारी ही योजना गावकरीने उभारली, गावकरीनेच राखली. बांध फुटला तर ज्याच्या शेताजवळ फुटला त्याचाच तो, असे कोणी म्हणत नसे. कारण खारे पाणी सीमा ओळखत नाही. त्याच गावकरीने देवळे बांधली. पाण्याचा बांध आणि देवळाची भिंत एकाच हातांनी उभी राहिलेली असताना, एकाशी आमचा संबंध आहे आणि दुसऱ्याशी नाही, हे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बंदर, शिपयार्ड, समुद्रविज्ञान संस्था, बार्जमालक, खारवी आणि नदीकाठच्या पंचायती यांचे एक कायमचे मंडळ असावे, आणि त्याने पहिले काम म्हणून एक स्वच्छ बार्ज व एक स्वच्छ तर बांधून जुवारीत चालवून दाखवावी. प्रत्येक जहाजाने व बार्जीने किती तेलकट पाणी व कचरा बंदरात जमा केला, याची नोंद दरमहा लोकांपुढे यावी. ज्याच्या नोंदीत कित्येक महिने शून्यच आहे, त्याचे पाणी कोठे गेले हे विचारावयास मग शास्त्रज्ञ लागणार नाही. धक्क्याला लागलेल्या जहाजांस किनाऱ्यावरून वीज मिळावी, आणि कोळसा मागविणाऱ्यांनी तो झाकून नेण्याचा खर्च आपल्या वहीत लिहावा. आणि देवस्थानांनी? ज्या महाजनांचा जहाजांशी वा बार्जींशी धंद्याचा संबंध आहे त्यांनी देवासमोर प्रथम आपली वही उघडावी. चांदीची पालखी अर्पण करणाऱ्याचे नाव आम्ही संगमरवरावर कोरतो. ज्याने आपल्या बार्जीचे तेलकट पाणी वर्षभर नदीत न सोडता जमा केले, त्याचा मानही आम्ही त्याच मंडपात करावा. आणि जो ते सोडतो, त्याची चांदी घेताना आमचा हात थोडा आखडावा.

समुद्रमंथनाची कथा आम्ही सर्व जाणतो. देव आणि दैत्य यांचे पटत नव्हते, तरीही दोघांनी एक दोर धरला, कारण एका बाजूने ओढून मंथन होत नाही. आणि अमृताआधी हलाहल वर आले. ते कोणी प्यावे हा प्रश्न तेव्हा श्रीशंकराने सोडविला. आज जहाजांच्या मंथनातून रत्ने मिळतात ती दूर शहरांतील पेढ्यांना, आणि हलाहल मात्र खारेवाड्यावरच्या मुलाच्या पेल्यात ओतले जाते. तो मुलगा नीलकंठ नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या रोगाने वास्को हवालदिल झाले, तेव्हा तेथील लोकांनी जांबावलीच्या श्रीदामोदराला साकडे घातले, आणि तेव्हापासून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी त्या बंदराच्या गावी अखंड भजन उभे राहते. निरनिराळ्या समाजांचे पार येतात, प्रहरामागून प्रहर गायक बदलतात, पण चोवीस तास टाळ थांबत नाही. एकाचा आवाज बसला तर दुसरा सूर उचलतो. सांगतेला श्रीफळ वाजतगाजत खारेवाड्यावर नेतात आणि समुद्राच्या स्वाधीन करतात. पुढच्या सप्ताहाला ते पाण्यात सोडताना आम्ही, म्हणजे मालक, महाजन, खलाशी आणि खारवी, क्षणभर खाली वाकून त्या पाण्याकडे पाहावे. श्रीदामोदराला देत आहोत ते श्रीफळ कोणत्या पाण्यात देत आहोत, हे ज्याला त्याला आपल्या डोळ्यांनी दिसेल. मग सभा कोणी बोलवावी, यावर वाद घालण्यात दिवस दवडू नयेत. देवळाचा सभामंडप मोकळाच असतो; पहिली बैठक तेथेच व्हावी.